भाजीची पावती आणि घराचा उतारा

गेल्या गणपतीत पुण्याहून पुतण्या आणि सूनबाई गारगोटीला आले होते. दोघेही नोकरीत. आरती झाली, जेवणे झाली, आणि सोप्यात सुपारी कातरत बसलो असताना त्यांच्यातला एक जुना वाद आमच्यापुढे निवाड्याला आला. घरखर्च अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा, असे त्यांनी लग्न झाल्यावरच ठरवले होते. त्याला महिना ६० हजार, तिला ३०. खर्च ४० हजारांचा. दोघे २०-२० हजार घालतात. "दोघं बरोबरीची, मग वाटाही बरोबरीचा," हे त्याचे म्हणणे. "बरोबरीच्या वाट्यानंतर माझ्या हातात १० हजार उरतात आणि याच्या हातात ४०," हे तिचे.

आमच्या पिढीला असा वाद ऐकून हसू येते. नवऱ्याने पगार आणायचा, बायकोने तो पुरवायचा, एवढीच आमची वाटणी होती. पण हसण्यासारखे यात काही नाही. गणित मास्तराचे असल्यामुळे मी कागद घेतला. मिळकतीच्या प्रमाणात खर्च उचलायचा म्हटले तर पुतण्याने सुमारे २६ हजार ७०० आणि सुनेने १३ हजार ३०० द्यायचे. मग त्याच्याकडे ३३ हजार उरतात, तिच्याकडे साडेसोळा. आणि दोघांच्या हातात सारखेच उरावे असे म्हटले तर एकूण ९० मधून ४० वजा करून प्रत्येकाच्या वाट्याला २५ येतात. म्हणजे त्याने ३५ हजार घालायचे आणि तिने फक्त पाच. एकच घर, तोच खर्च, आणि न्यायाच्या तीन तऱ्हा. मी मधली तऱ्हा पुतण्याच्या गळी उतरवत होतो, तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती आतून आल्या.

"फ्लॅटचा हप्ता कोण भरतं?" त्यांनी विचारले.

"मी. २० हजार," पुतण्या म्हणाला.

"आणि किराणा, गॅस, लाइटबिल, कामवाली?"

"ती."

"फ्लॅट कुणाच्या नावावर?"

पुतण्या गप्प. "म्हणजे तिनं घातलेलं रात्रीपर्यंत संपतं, आणि तू घातलेलं भिंतीत राहतं," एवढे बोलून त्या भांडी आवरायला गेल्या.

बोलणे पुतण्याला होते, लागले मला. दुसऱ्या दिवशी माळ्यावरच्या ट्रंकेतून जुन्या हिशेबाच्या वह्या काढल्या. मी हायस्कुलात शिक्षक, ही अंगणवाडी सेविका. सरकार हिच्या पैशाला पगार म्हणत नाही, मानधन म्हणते. १९७५ साली ही योजना सुरू झाली. केंद्राने ठरवलेले मानधन ३,००० वरून ४,५०० व्हायला २०१८ साल उजाडले, आणि सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. वहीत तिच्या मानधनापुढे काय काय लिहिले आहे? भाजी, रॉकेल, पुढे गॅस, मुलांच्या वह्या, आलेल्या-गेलेल्यांचा चहा, माहेरचा अहेर. माझ्या पगारापुढे: पतसंस्थेचा हप्ता, प्लॉट, विटा, स्लॅब, विमा. घरफाळ्याची पावती माझ्या नावाची, उतारा माझ्या नावाचा, विमाही माझाच. यात कुणी कुणाला फसवले नाही. मोठी रक्कम मोठ्या कामाला आणि चिल्लर चिल्लर कामाला, असे आपोआप होत गेले. त्यातल्या एका पानावर तिच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दिलेले पैसे आहेत. मी मागितल्याबरोबर दिले होते, याचा मला कित्येक वर्षे अभिमान होता. तिला ते मागावे लागले, हे त्या दिवशी वही हातात असताना लक्षात आले.

मग आजूबाजूला पाहू लागलो, तर हेच चित्र आमच्या भुदरगड तालुक्यात पगारदारांपेक्षाही शेतकऱ्यांच्या घरात ठळक दिसते. बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्याला ऊस जातो, त्याचे बिल सभासदाच्या नावावर येते. सभासद बहुधा पुरुष. सेवा संस्थेचे कर्ज कापून जे उरते त्यातून विहिरीला पाइप, ट्रॅक्टरचा हप्ता, कोल्हापुरात एखादा गाळा. दुधाचे बिल येते दर दहा दिवसांनी. म्हशीची वैरण, शेण, धार, डेअरीला घागर नेणे हे बाईचे, आणि या बिलावर घर चालते. तेल-मीठ, एस.टी.चा पास, दवाखाना, भिशी सगळे त्यातून. सहकाराने कोल्हापूर जिल्ह्यातल्या बाईच्या हातात दहा दिवसांनी पैसा दिला, ही मोठी गोष्ट आहे. तिचे मोल मी कमी करत नाही. पण उसाचे बिल साठते आणि दुधाचे बिल खर्चते. वीस वर्षांनी उसाची जमीन आणि गाळा दिसतो. दुधाचे काय झाले म्हणून विचाराल तर पोरे मोठी झाली, एवढेच उत्तर.

जुलै २०२४ पासूनचे लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार खात्यावर येऊ लागले, तेव्हा शेजारच्या एका वहिनींनी सांगितलेली गोष्ट यातलीच. पहिला हप्ता जमा झाला त्याच आठवड्यात मालकांनी बाजाराला द्यायचे पैसे बंद केले. "आता तुला मिळतात की," म्हणाले. सरकारने तिला दिलेले पैसे अशा रीतीने हळूच मालकांच्या खिशात उरले.

हा विचार आजच कुणाला सुचला आहे असे नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. ज्या गावात किमान शंभर शेतकरी आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावे करतील, त्या गावाला जोशी स्वतः जात. कायद्याची सक्ती नव्हती. आपल्या शेतीत खपणाऱ्या लक्ष्मीचे देणे आपण लागतो, हे गड्यांना पटवायचे होते, आणि हजारोंना ते पटले. सरकारनेही काही केले. महाराष्ट्राचे महिला धोरण १९९४ चे. गावातल्या घराला पती-पत्नी दोघांची नावे लावण्याचा निर्णय २००३ चा. १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, पण नवरा-बायकोने मिळून घेतले तर ती मिळत नाही. हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

आंबोली घाट उतरून गोव्यात गेले की कायदाच वेगळा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने तिथे वेगळा करार न करता लग्न झाले तर दोघांची मिळकत एकत्र समजतात आणि निम्मी-निम्मी धरतात. बायकोची सही नसेल तर नवऱ्याला घर विकता येत नाही. प्राप्तिकरातही १९६१ च्या कायद्याने गोव्याच्या जोडप्यांचे उत्पन्न निम्मे-निम्मे धरले. फक्त पगार मात्र ज्याचा त्याचा ठेवला. घाटावर असे काही नाही. नवरा गेला तर १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला मुलांबरोबर वाटा आहे. नवरा जिवंत असून संसार मोडला तर पोटगी मागता येते, पण त्याच्या नावावरच्या घरात मालकीचा वाटा कायदा आपणहून देत नाही. तसा वाटा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने २०१३ साली मंजूर केले होते. लोकसभा विसर्जित झाली आणि ते बुडाले. जिच्याकडे वीस वर्षांच्या भाजीच्या पावत्या आहेत, तिला न्यायालयात ते घर आपलेही आहे हे सिद्ध करायला फार मोठी लढाई द्यावी लागते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली घर सांभाळणाऱ्या बाईचा मिळकतीत बरोबरीचा हक्क मानला, हा अपवाद म्हणूनच बातमीचा विषय झाला.

आणि अजून श्रमाचा हिशेब धरलेलाच नाही. केंद्राच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ निघाल्या आणि पुरुष २६; ही कामे करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाची ९७. म्हणजे आमची सूनबाई ऑफिसातून येऊन आणखी पाच तास घालते आणि वर २० हजार घालते. पुतण्याचे 'अर्धे-अर्धे' या पाच तासांपाशी येऊन थांबते.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, कुणी किती टक्के भरावे यावर नवरा-बायकोने फार डोके फोडू नये. आधी दोन याद्या कराव्यात: संपणारा खर्च कोणता आणि टिकणारा कोणता. दोन्हींत दोघांचे पैसे जावेत; आणि एकाच प्रकाराला लावायचे झालेच, तर कमी पगाराचे पैसे टिकणाऱ्या वस्तूला लावावेत. प्राप्तिकराच्या हिशेबानेही हे सोयीचे पडते. नवऱ्याने बायकोला पैसे देऊन ठेव ठेवली तर तिचे व्याज त्याच्याच उत्पन्नात धरतात. पण नवऱ्याने घरखर्च उचलला आणि बायकोने स्वतःचा पगार गुंतवला, तर ते व्याज तिचे. कर सल्लागार पैसे वाचवायला हेच सांगतात. यावर कुणी म्हणेल, संसारात हिशेब आला की प्रेम गेले. मला तसा अनुभव नाही. हिशेब आमच्या घरात होताच, तो फक्त मी एकटा ठेवत होतो.

पुतण्याने पुण्याला जाऊन बँकेत चौकशी केली. कर्ज चालू असताना सुनेचे नाव मालकीत घालायला बँकेची परवानगी लागते. त्याची धावपळ चालू आहे, आणि किराणा सध्या तो भरतो.

माझे काम त्या मानाने सोपे होते. कर्ज केव्हाच फिटलेले. राहते घर नवरा, बायको किंवा मुलांना बक्षीस द्यायचे तर मुद्रांक शुल्क सरकारने २०१५ साली २०० रुपयांवर आणले. स्थानिक अधिभार आणि लिहिणावळ वेगळी. अर्धा हिस्सा हिच्या नावे करायचा म्हणून आम्ही दोघे दस्तलेखकाकडे गेलो. त्याने चष्म्यातून पाहून विचारले, "सर, तब्येत बरी आहे ना? मुलांत काही वाद?" नाही म्हटल्यावर त्याने मसुदा वाचून दाखवला. त्यात देण्याचे कारण होते, "नैसर्गिक प्रेमापोटी व आपुलकीने".

ही म्हणाली, "प्रेमापोटी कशाला? हिशेबापोटी लिहा."

दस्तलेखक म्हणाला, "बाई, तसा नमुना नाही."