खेळ की बाजार?

खेळात पैसा शिरला की खेळाचे स्वरूप पालटते, हा अनुभव आपल्या समाजास नवा नाही. सोंगट्या आणि फासे ही मुळात विरंगुळ्याची साधने. परंतु त्यांवर पण लागताच धर्मराजासारखा विवेकी पुरुषही राज्य, बंधू आणि अखेर पत्नी पणाला लावून बसला. नळराजाची कथाही याहून फारशी निराळी नाही. या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तथापि आपल्या आजच्या जीवनाशी त्यांचा काय संबंध, असे वाटून आपण त्या बाजूस ठेवतो. आज विद्यार्थ्यांच्या हाती संगणकावरील व मोबाईलवरील खेळ आले आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ तो जुनाच प्रश्न नवा वेष घेऊन आला आहे. खेळात मिळवलेली वस्तू खऱ्या पैशांना विकावी काय? आणि जो खेळ आपण दाम मोजून विकत घेतला, तो खेळण्यासाठी दर वेळी विकणाऱ्याच्या दारी जाऊन परवानगी मागावी काय? हे दोन प्रश्न वरवर पाहता भिन्न दिसतात. परंतु त्यांची मुळे एकमेकांत कशी गुंतलेली आहेत, हे एका गाजलेल्या उदाहरणावरून दाखवण्याचा आमचा येथे विचार आहे.

अमेरिकेतील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या कंपनीचा 'डायब्लो' नावाचा एक खेळ आहे. त्यात खेळणारा एखाद्या वीराचे रूप घेऊन भुयारांत व अरण्यांत उतरतो आणि दैत्यांशी लढतो. दैत्य पडला की त्याच्यापाशी कधी तलवार, कधी चिलखत, तर कधी अंगठी सापडते. शेकडो वस्तू सामान्य असतात. एखादीच अशी असते की, ती हाती येताच वीराचे बळ दुणावते आणि त्याला अधिक भयंकर दैत्याशी सामना देता येतो. त्या एका वस्तूची आशा हाच या खेळाचा प्राण होय. या खेळाचा दुसरा भाग २००० साली प्रसिद्ध झाला. तो घरी एकट्याने, इंटरनेटच्या जोडणीवाचून, खुशाल खेळता येत असे.

तिसरा भाग १५ मे २०१२ रोजी बाहेर पडला आणि पहिल्या चोवीस तासांतच त्याच्या पस्तीस लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. मात्र या वेळी संगणकावर खेळणाऱ्यास एक नवी अट घालण्यात आली होती. एकट्यानेच खेळावयाचे असले, तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी अखंड असलीच पाहिजे. परिणाम असा झाला की, पहिल्याच दिवशी सर्व्हरवर गर्दी लोटली आणि दाम मोजून खेळ घेतलेल्या असंख्य लोकांच्या पडद्यावर खेळाऐवजी 'एरर ३७' हे शब्द झळकू लागले. अर्थ एवढाच, की सर्व्हर व्यग्र आहेत, मागाहून या! दक्षिण कोरियात तर पैसे परत मिळत नाहीत अशा तक्रारी इतक्या झाल्या की, तेथील सरकारच्या न्याय्य व्यापार आयोगाने कंपनीच्या कार्यालयाची झडती घेतली.

ही अट का घालण्यात आली? कंपनीच्या बाजूने जे सांगितले जाते, ते अगदीच निराधार नाही, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. दुसऱ्या भागात लबाड लोक एका तलवारीच्या दहा तलवारी करीत, त्या चोरवाटेने विकीत, आणि भोळ्या खेळाडूंची फसवणूक होई. सर्व वस्तूंची नोंद कंपनीच्याच दप्तरी राहिली तर या लबाडीस आळा बसेल, असा तो युक्तिवाद होता. परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जून २०१२ मध्ये याच खेळात कंपनीने स्वतःचे लिलावघर उघडले. तेथे खेळातील तलवारी व चिलखते खऱ्या डॉलरांना विकता व विकत घेता येऊ लागली. एका वस्तूची किंमत २५० डॉलरांपर्यंत लावता येत असे. शस्त्रासारख्या प्रत्येक वस्तूच्या विक्रीमागे कंपनी एक डॉलर घेई, आणि मिळालेला पैसा बाहेर काढून घ्यावयाचा झाल्यास त्यातून शेकडा पंधरा कापून घेई.

आता या दोन गोष्टींचा मेळ घालून पाहावा. नाण्यास मोल राहावयाचे असेल तर टांकसाळ एकाच्याच हाती असावी लागते. जर तलवार खेळाडूच्या घरच्या संगणकात राहिली, तर कोणीही हुशार माणूस तिच्या खोट्या प्रती काढील आणि मग तिला कवडीही मिळणार नाही. तेव्हा जेथे वस्तू खऱ्या पैशांना विकावयाच्या, तेथे त्या खेळाडूच्या हाती कधीच देता येत नाहीत. म्हणून आमचे मत असे आहे की, खेळाडूच्या पायास जो दोर बांधला गेला, त्याची गरज खेळापेक्षा बाजारालाच अधिक होती.

हे केवळ आमचे अनुमान नव्हे. पुढील घटनाक्रमही त्याला दुजोरा देतो. सप्टेंबर २०१३ मध्ये हाच खेळ प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या यंत्रांवर आला. त्यात लिलावघर नव्हते, आणि तो इंटरनेटवाचून खेळता येत होता! म्हणजे अखंड जोडणी ही या खेळाची स्वाभाविक गरज नव्हती, हे कंपनीनेच आपल्या कृतीने सिद्ध केले.

लिलावघराचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. दहा रात्री दैत्यांशी झुंजूनही जी तलवार मिळावयाची नाही, ती काही पैसे टाकताच क्षणात मिळते, हे कळल्यावर दैत्यांशी झुंजावयाचे कोणी आणि कशासाठी? मे २०१३ मध्ये लिलावघरातील एका दोषाचा फायदा घेऊन काही जणांनी खेळातील सोन्याची अफाट रास निर्माण केली, आणि कंपनीला लिलावघर काही काळ बंद ठेवावे लागले. म्हणजे ज्या लबाडीच्या भयाने दोर बांधला, ती लबाडी टांकसाळीच्या आतच निपजली. या खेळाचे पूर्वीचे दिग्दर्शक जे विल्सन यांनी मार्च २०१३ मध्येच जाहीर सभेत कबूल केले होते की, लिलावघराने खेळाचे नुकसान केले. अखेर, दैत्यांशी लढून वस्तू मिळवण्याचा जो या खेळाचा गाभा, त्यालाच लिलावघर मारक ठरते असे कारण देऊन, १८ मार्च २०१४ रोजी कंपनीने ते कायमचे बंद केले. बाजार उठला, परंतु संगणकावर खेळणाऱ्याच्या पायातील दोर मात्र सुटला नाही.

येथे कोणी म्हणेल की, खेळातील वस्तूंचा व्यापार काही या कंपनीने शोधून काढलेला नाही. हे खरे आहे. 'एव्हरक्वेस्ट' या खेळातील नॉराथ नामक काल्पनिक देशात चालणाऱ्या देवघेवीचा अभ्यास एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली प्रसिद्ध केला. त्या नसलेल्या देशाचे दरडोई उत्पन्न त्याने २,२६६ डॉलर काढले, आणि ते रशिया व बल्गेरिया या असलेल्या देशांच्या मधोमध बसत होते. असा व्यापार इतका फोफावला की, २००७ साली ईबे या विक्रीकेंद्राने अशा वस्तू आपल्याकडून काढून टाकल्या. चीनमध्ये तर तरुण मुले तासन् तास खेळातील सोने गोळा करून परदेशी खेळाडूंस विकण्याची मजुरी करू लागली. एकाचा विरंगुळा तो दुसऱ्याचा वेठबिगार, अशी ही विचित्र स्थिती होय.

मग जो व्यापार चोरून होणारच, तो कंपनीने उघडपणे चालवला तर बिघडले कोठे? आम्ही उलट विचारतो, परीक्षेत काही विद्यार्थी नक्कल करतात, म्हणून शाळेनेच उत्तरे विकण्याचे दुकान थाटावे काय? दुकान प्रामाणिक असेल, तेथे कोणी फसवला जाणार नाही. परंतु त्या दिवसापासून परीक्षेला अर्थ उरणार नाही.

या ठिकाणी गोट्यांचे उदाहरण मनात येते. एखादा श्रीमंत मुलगा वाण्याच्या दुकानातून शंभर गोट्या विकत आणू शकतो. तरीही खेळ बिघडत नाही. कारण नेम काही दुकानात मिळत नाही. गोट्या विकत मिळाल्या तरी जिंकणे विकत मिळत नाही. डायब्लोसारख्या खेळात मात्र तलवार हाच नेम आहे. तेथे वस्तू म्हणजेच बळ आणि बळ म्हणजेच जय. म्हणून अशा खेळात वस्तू विकावयास काढणे म्हणजे जयच विकावयास काढणे होय.

आता दोराविषयी थोडे अधिक. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' हा नगर वसवण्याचा खेळ अशाच अटीसह निघाला. प्रारंभी त्याचेही सर्व्हर कोलमडले, आणि पुढे मार्च २०१४ मध्ये तो जोडणीवाचून खेळण्याची सोय करावी लागली. तेथे निदान दोर सुटला. युबिसॉफ्ट कंपनीच्या 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचे नशीब तेवढे चांगले नव्हते. २०१४ साली निघालेल्या या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले, आणि ज्यांनी तो पूर्ण किमतीस घेतला होता, त्यांच्या हाती निरुपयोगी तबकडी तेवढी उरली. आपण बुद्धिबळाचा पट विकत आणावा, आणि दहा वर्षांनी दुकानदाराने येऊन सोंगट्या उचलून न्याव्यात, तसाच हा प्रकार. आजोबांनी घेतलेले पुस्तक नातू वाचतो. कारण प्रकाशक दिवंगत झाला म्हणून पुस्तकाची पाने कोरी होत नाहीत. मग खेळाचीच गोष्ट निराळी का असावी?

या अन्यायाची जाणीव आता जगात होऊ लागली आहे. विकलेले खेळ खेळता येण्याजोग्या स्थितीत ठेवावेत, अशी मागणी करणाऱ्या युरोपीय नागरिकांच्या अर्जावर जुलै २०२५ अखेर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात २०२५ च्या आरंभापासून लागू झालेल्या कायद्याने, ग्राहकास वस्तू मिळत नसून केवळ वापरण्याचा परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगणे विक्रेत्यांस भाग पाडले आहे. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाईन खेळांस मनाई केली. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु विकत घेतलेला खेळ उद्या चालेल की नाही, हा प्रश्न त्या कायद्याने सुटत नाही.

आमचा अट्टाहास नाही. जे खेळ मुळातच अनेकांनी मिळून खेळावयाचे, त्यांस जोडणी हवीच; क्रिकेट काही एकट्याने खेळता येत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जो खेळ एकट्याने खेळता येतो, तो वीज गेलेल्या किंवा तारा तुटलेल्या पावसाळी रात्रीही खेळता आला पाहिजे. ज्या खेळास जोडणी अपरिहार्य आहे, त्याच्या विक्रीच्या वेळीच तसे ठळकपणे सांगितले पाहिजे. आणि सर्व्हर बंद करावयाचे झाल्यास घेणाऱ्याच्या हाती चालता खेळ ठेवूनच ते बंद केले पाहिजेत. तिसरी गोष्ट, जो जय श्रमाने मिळवावयाचा, तो पैशाने विकण्याचा मोह खेळ रचणाऱ्यांनी टाळला पाहिजे.

कंपन्या दूरच्या, त्यांच्या कानी आमच्या शाळेचा आवाज कितपत पोचेल, हा प्रश्नच आहे. परंतु आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींच्या हाती एक गोष्ट निश्चित आहे. खेळ घेण्यापूर्वी तो जोडणीवाचून चालतो काय, हे विचारावे. नसेल चालत, तर आपण वस्तू घेत नसून ती काही दिवस भाड्याने घेत आहो, हे ध्यानी धरून वडिलांच्या कष्टाचा पैसा खर्चावा. आणि पडद्यावर तलवारीची किंमत दिसू लागली की क्षणभर थांबून स्वतःस विचारावे, ही तलवार मिळाल्यावर खेळावयाचे काय उरणार आहे? उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर पैसे खिशातच राहू द्यावेत आणि खेळ पुन्हा सुरू करावा.