वैद्यांचे इंग्रजी : शब्दवैभव नव्हे, अर्थशुद्धी

लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावातून रुग्ण पुढील तपासणीसाठी शहरात जातो, तेव्हा वैद्याची चिठ्ठी बहुधा इंग्रजीत असते. तीत ‘आमवात’ऐवजी सरसकट ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ लिहिल्यास तपासणीपूर्वीच निदान ठरून जाते. मूळ संज्ञा कायम ठेवून सांध्यांचा ताठरपणा, सूज, कालावधी ही लक्षणे अचूक इंग्रजीत नोंदविणे अधिक श्रेयस्कर होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आयुर्वेदाच्या प्रमाण संज्ञा इंग्रजी अर्थांसह प्रसिद्ध केल्या आहेत. वैद्यबंधू-भगिनींनी जडजंबाल शब्द पाठ करण्याऐवजी त्यांतील रोज एक संज्ञा अभ्यासावी. औषधालयचालकांनीही रुग्णास सूचना लिहून देताना ‘अनुपान’ व ‘डोस’ यांची गल्लत टाळावी. आपल्या शाखासभांत यासाठी अर्धा तास राखून ठेवावा, ही विनंती.