'वय झालं' हे निदान नव्हे!



दहावीच्या विज्ञानात रजोनिवृत्ती हा शब्द येतो. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात. पण बऱ्याचदा त्याच वर्षी घरात आई त्यातूनच जात असते, हे कुणाच्याच लक्षात येत नाही. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. त्याआधी काही वर्षं ती मागेपुढे होत राहते. नेमका हाच काळ मुलांच्या बोर्डाचा आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या आजारपणाचा!

कल्याण-डोंबिवलीतल्या नोकरदार बाईचा दिवस आठवून बघा. पहाटे डबे, मग खच्चून भरलेली लोकल, दिवसभर काम, येताना भाजी. रात्री अंगातून वाफा निघतात, घाम येतो, झोप मोडते. छातीत धडधडतं, उगाच रडू येतं. घरचे म्हणतात, "वय झालं, होतंच असं." आणि तिलाही ते पटतं!

खरं काय घडतं? पाळी थांबताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं. त्याबरोबर वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, पोटावर चरबी साठते, रक्तवाहिन्यांची लवचिकता कमी होते. हा काळ बाईच्या हृदयासाठी महत्त्वाचा आहे, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं. याच काळात नैराश्याचा धोकाही वाढतो. मन खचलं की चालणं सुटतं, खाणं बिघडतं, गोळ्या चुकतात. म्हणजे पुन्हा भार हृदयावरच.

प्रत्येक धडधड हृदयविकाराची नसते, हे खरं. पण ते तपासून ठरवायचं की अंदाजाने? बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखण्यासोबत किंवा त्याऐवजी धाप, मळमळ, जबडा वा पाठ दुखणं, कमालीचा थकवा असं काहीही होऊ शकतं. 'ॲसिडिटी असेल' म्हणून वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा.

चाळिशीनंतर वर्षातून एकदा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासावं. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनबद्दल डॉक्टरांना विचारावं. कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालयं जवळच आहेत. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. ठाण्यात आय.पी.एच. ही संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्यावर काम करते आहे. तिथे जाणं म्हणजे 'वेड लागणं' नव्हे.

माझं मत असं, की हा विषय फक्त बायकांनी आपापसात कुजबुजायचा नाही. पालकसभेच्या दिवशी शाळेत बीपी तपासायला एक टेबल मांडलं तर कितीसा खर्च येणार? शिक्षिकांचीही तपासणी त्यातच होईल. आणि बाबांनो, मुलांच्या मार्कांची चौकशी करता, तशी एकदा तिच्या झोपेचीही करा. तिला डॉक्टरकडे 'जा' म्हणू नका, सोबत जा!