खळ्यावरचं उत्तर खोटं नाही

आष्टी तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत सहावीच्या वर्गाला विचारा, जड वस्तू आधी पडते की हलकी? सगळा वर्ग एका सुरात सांगेल, जड. आपण लगेच गॅलिलिओला हाताशी धरतो, ‘चूक’ म्हणतो आणि फळ्याकडे वळतो. मुलं वहीत उतरवून घेतात, पण पटलेलं नसतं. पटावं तरी कसं? ज्वारीची रास होताना त्यांच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच पाहिलंय. तिवईवर उभं राहून पाटी ओतली की दाणे पायाशी पडतात आणि भुसकट लांब जाऊन सावकाश बसतं. आता मळणीयंत्र आलं, तरी त्याच्या पंख्यापुढे तेच घडतं. पुरावा मुलांच्या बाजूचा आहे. आपण दाखला देतो तो पिसाच्या मनोऱ्याचा, आणि तो प्रयोग गॅलिलिओने तिथे खरंच केला का, याबद्दल इतिहासकारांनाच शंका आहे.

विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या वाचकांना या महिन्यात एवढंच सांगायचं आहे की, खळ्यावरचं उत्तर खोडू नका. त्याला पुढचा प्रश्न विचारा.

तेच भुसकट वर्गात आणा. मूठभर भुसकट कागदात दाबून लिंबाएवढी गच्च पुडी बांधा, तेवढीच दुसरी पुडी ज्वारीची. दोन्ही पुड्या मुलांच्या हातांतून फिरू द्या. वजनातला फरक तळहाताला कळला पाहिजे. मग एकाने डोक्याच्या उंचीवरून दोन्ही एकदम सोडाव्यात आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावं. इथे डोळ्यांपेक्षा कान जास्त भरवशाचे. आवाज जवळपास एकच येतो. भुसकट तेच, मग आता ते रेंगाळलं का नाही? हा प्रश्न टाकून सरांनी थोडा वेळ गप्प बसावं. (ही फार अवघड गोष्ट आहे, ठाऊक आहे.) शाळेच्या गच्चीवरून पुड्या टाकल्या तर हलकी पुडी किंचित मागे राहील. राहू द्या, हवेचा अडथळा समजावायला तेवढा फरक उपयोगी पडतो. जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते हे मुलांचं म्हणणं खरंच आहे. फक्त तिला वेग द्यायलाही तेवढंच जास्त बल लागतं, हा अर्धा भाग आपण जोडायचा.

यानंतर मोबाइलवर अपोलो १५ ची चित्रफीत दाखवा. २ ऑगस्ट १९७१ रोजी डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस सोडलं. दोन्ही एकदमच खाली आले. ‘हवा नाही म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण नाही’ हा दहावीपर्यंत टिकून राहणारा समजही याच चित्रफितीत मोडतो.

दुसरी अडचण ‘खाली’ची. पृथ्वी गोल आहे हे पाठ असतं, पण खालच्या बाजूची माणसं पडत कशी नाहीत, हा प्रश्न बहुतेक मुलं विचारायलाच लाजतात. त्याचं उत्तर आपल्याकडे ११५० सालचं आहे. ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या गोलाध्यायात भास्कराचार्य म्हणतात की पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे, आणि पलीकडची माणसं पाण्याकाठी उभ्या माणसाच्या प्रतिबिंबासारखी, डोकं उलटं असूनही आपल्याइतकीच निर्धास्त असतात. मेहेकरी तलावाच्या काठावर नेऊन हे दाखवता येईल. आष्टीतून बोअर घेत पार पलीकडे गेलं तर अमेरिका लागेल, असं मुलं सांगतात. प्रत्यक्षात लागेल प्रशांत महासागर, ईस्टर बेटाच्या उत्तरेला सुमारे हजार किलोमीटरवर. पृथ्वीगोल घेऊन मुलांनाच शोधू द्या.

भास्कराचार्यांचं विज्जलविड म्हणजे आपलं बीड, असं काही अभ्यासक मानतात. काही चाळीसगावजवळच्या पाटण्याकडे बोट दाखवतात. अभिमान जरूर बाळगावा, पण ‘न्यूटनच्या आधी आपल्यालाच ठाऊक होतं’ म्हणून तास संपवू नये. झाडावरून पडणारं फळ आणि आकाशातला चंद्र यांना एकच नियम लावून त्याचं माप काढणं, ही न्यूटनची करामत. सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून साठपट लांब, म्हणून तो सेकंदाला सरळ रेषेपासून त्याच्या ३६०० व्या भागाइतका, म्हणजे जेमतेम १.३६ मिलिमीटर आपल्याकडे पडतो आणि त्यामुळेच फिरत राहतो. आठवीच्या मुलांना हा भागाकार जमतो.

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात ‘गुरुत्वाकर्षण’ हाच पहिला धडा आहे, हे आपल्या भागाचं नशीबच. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं जूनमध्ये परतलेली असतात, बाकं भरलेली असतात. हाच धडा दिवाळीनंतर असता तर कितीतरी मुलांना तो फडावरच वाचावा लागला असता. तेव्हा त्या आठवड्यात व्याख्या लिहून घेण्याची घाई नको. पक्का कठडा असलेल्या विहिरीवर वर्ग न्या. खडा सोडा, पाण्याचा आवाज येईपर्यंतचा वेळ मोबाइलवर मोजा, वेळेचा वर्ग करून ४.९ ने गुणा. दोन सेकंद भरले तर, आवाज वर यायला लागणारा वेळ वजा जाता, पाणी साधारण साठ फुटांवर. सहा फुटांचा परस धरला तर दहा परस. पाणी किती परसांवर आहे हे विहिरीच्या मालकाला आधी विचारू नका, मुलांचं उत्तर निघाल्यावर विचारा.