दोष पिस्तुलाचा की मॅगझिनचा?

उत्तर प्रदेशातील संभल जिल्ह्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये झालेल्या चकमकीची चित्रफीत देशभर पाहिली गेली. हातातील शस्त्र ऐनवेळी अडकल्याने एक पोलीस अधिकारी तोंडानेच ‘ठांय ठांय’ असा आवाज काढत होता. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्कारावेळी मानवंदनेसाठी सज्ज झालेल्या २२ रायफलींपैकी एकीतूनही बार उडाला नाही. दोन्ही प्रसंगांवर हशा पिकला. मात्र समोर सशस्त्र गुन्हेगार उभा असतो तेव्हा हाच अडथळा पोलिसाच्या जिवावर बेततो. अशा घटनांनंतर नव्या शस्त्रांच्या खरेदीची मागणी पुढे येते. ती रास्त असली, तरी तेवढ्याने हे दुखणे बरे होणारे नाही.

भारतीय लष्कर व पोलीस दलांत दीर्घकाळ वापरले गेलेले ९ मिमी पिस्तूल हे पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्याचे उत्पादन. ब्राउनिंग हाय-पॉवर या १९३५ मधील पिस्तुलाच्या रचनेवर ते बेतलेले असून त्याच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसे बसतात. गोळी सुटताच स्लाइड मागे जाते व रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. पुढे येताना तीच स्लाइड मॅगझिनमधील वरचे काडतूस ढकलून चेंबरमध्ये बसवते. हे सारे क्षणार्धात घडते. त्यामुळे साखळीतील एक कडी जरी ढिली पडली, तरी काडतूस वाटेतच अडकते.

ही ढिली कडी बहुतेक वेळा मॅगझिनमध्येच सापडते. पातळ पत्र्याच्या मॅगझिनच्या वरच्या कडा खाली पडून किंचित वाकल्या, की काडतूस चुकीच्या कोनात वर येते. आतली स्प्रिंग थकली, तर ते वेळेवर वर येतच नाही. दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या काडतुसाचा जोर कमी झाला, तर स्लाइड पुरेशी मागे जात नाही. मनगट सैल ठेवून गोळी झाडल्यासही तोच परिणाम होतो. जुन्या रचनेची पिस्तुले गोल टोकाच्या गोळीसाठी घडवलेली असल्याने पोकळ टोकाची गोळी त्यांत अडण्याची शक्यता अधिक असते.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक मॅगझिनला क्रमांक द्यावा आणि सरावात आलेल्या प्रत्येक अडथळ्याची नोंद ठेवावी. अडथळा एकाच क्रमांकाच्या मॅगझिनमध्ये येत असेल, तर ते बाद करावे. काडतुसांचा साठा बदलताच तो थांबला, तर दोष साठ्याचा. शस्त्र दुसऱ्याच्या हाती देताच ते सुरळीत चालले, तर गरज प्रशिक्षणाची. एवढे करूनही तो कायम राहिला, तरच पिस्तुलाकडे बोट दाखवावे.

या नोंदींचे महत्त्व आता वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. इशापूरचा कारखाना कानपूरस्थित कंपनीकडे गेला, तर काडतुसे बनवणारे खडकी व वरणगावचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीकडे. म्हणजे शस्त्र एका कंपनीचे, तर गोळी दुसऱ्या कंपनीची. नोंद नसेल, तर तक्रार नेमकी कोणाच्या दारी न्यायची, हेच ठरणार नाही.

नव्या पिस्तुलासोबत सुटी मॅगझिने, सरावाची काडतुसे आणि कुशल आर्मरर यांचीही तरतूद झाली नाही, तर काही वर्षांत तेही अडकू लागेल. शस्त्रागारातील एक साधी नोंदवही महागड्या खरेदीपेक्षा अधिक जीव वाचवू शकते. ती उघडण्यासाठी कोणत्याही निविदेची वाट पाहावी लागत नाही.