मृगया कीं शेती?

गेल्या भाद्रपदांत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला होता. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत तो वीस-बावीस वर्षें स्थायिक आहे. चहा चालला असतां त्याच्या खिशांतला फोन वाजला. त्यानें तो पाहिला, त्याचा चेहरा खुलला, आणि "सर, हा पाहा आमचा सरदार!" असें म्हणून त्यानें फोन आमच्या हातीं दिला. चित्रांत एका हिरव्यागार तुकड्याच्या कडेस भरदार शिंगांचा एक हरिणाचा नर मान खालीं घालून चरत होता. पुण्यांत सायंकाळचे साडेपांच वाजले होते. त्या रानांत सकाळचे आठ. चित्र निघून पुरतें एक मिनिटहि झालें नव्हतें. 'सरदार' हें नांव आमच्या शिष्यानेंच ठेविलें होतें.

मग त्यानें आम्हांस सर्व हकीकत सांगितली. तो व त्याचे तीन मित्र यांनीं मिळून चाळीस एकर रान घेतलें आहे. वसंतांत त्यांनीं तेथील मातीची परीक्षा करविली, आंबटपणा मोडण्यासाठीं चुना पसरला, आणि मेथीच्या कुळांतलें क्लोव्हर पेरलें. ऑगस्टांत दुसऱ्या तुकड्यांत शलगम व ओट पेरले. कारण थंडी पडली कीं शलगमाचा पाला गोड लागतो, आणि ऐन शिकारीच्या दिवसांत हरिणें तेथें येतात. वाऱ्याची दिशा पाहून मचाणें बांधलीं. वाटांवरील झाडांना आठ कॅमेरे बांधले. अंगाची ऊब घेऊन कांहींहि हललें कीं कॅमेरा चित्र घेतो आणि तें तारेवांचून मालकाच्या फोनवर धाडतो. कोणता नर कोणत्या वाटेनें, कोणत्या वाऱ्यांत, किती वाजतां येतो याचें टिपण आपोआप तयार होतें. "हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू होतो, सर," तो म्हणाला, "पण खरें काम ऑगस्टांतच उरकलें आहे."

हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. खरें काम ऑगस्टांत उरकलें असेल, तर नोव्हेंबरांत उरतें तें काय? आणि जें उरतें त्यास शिकार हें नांव द्यावें काय? या शिष्यावर आमचा लोभ आहे. म्हणूनच जें त्यास तोंडावर अर्धवट सांगितलें तें येथें सविस्तर सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक आक्षेप निकालांत काढला पाहिजे. हरिण मारणें हेंच मुळीं पाप, मग तें कसें मारावें याची चर्चा कशाला, असें आमचे कांहीं वाचक म्हणतील. त्यांच्या भावनेविषयीं आम्हांस आदर आहे. पण तेथला प्रश्न इतक्या सोप्या रीतीनें सुटत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत बाजारासाठीं झालेल्या बेसुमार हत्येनें अमेरिकेंतील पांढऱ्या शेपटीचीं हरिणें सुमारें पांच लाखांवर आलीं होतीं. 1900 सालच्या लेसी कायद्यानें चोरट्या शिकारीच्या मालाचा आंतरराज्य व्यापार बंद केला. 1937 सालच्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें बंदुका-काडतुसांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संवर्धनाकडे वळविलें. म्हणजे हरिणांना वांचविण्यांत शिकाऱ्याच्या पैशाचाहि वांटा आहे. आज तीं हरिणें तीन कोटींच्या आसपास आहेत. त्यांचे जुने वैरी लांडगे पूर्वेकडील बहुतेक प्रदेशांतून नाहींसे झाले. हरिणें कोवळीं रोपें खाऊन टाकतात म्हणून कित्येक रानांत नवीं झाडें उभीं राहत नाहींत. रात्रीं तीं मोटारींपुढें येतात, आणि दोघांचाहि नाश होतो. न्यू जर्सींत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना अंगणांतले गुलाब कोणी खाल्ले तें विचारावें. या संख्येला माणसानें आवर घातला पाहिजे हें आम्हांस मान्य आहे. मारून आणलेलें मांस घरीं खाल्लें जातें, हेंहि मान्य आहे. आमचा वाद वधाशीं नाहीं. वधाला जें नांव दिलें जातें त्याच्याशीं आहे.

आणि हा वाद आम्ही बाहेरून लादीत नाहीं. शिकारींत न्याय असावा हें तत्त्व त्या देशांतलेंच आहे. 1887 सालीं थिओडोर रूझवेल्ट व त्यांचे सहकारी यांनीं बून आणि क्रॉकेट क्लब स्थापिला. शिकाऱ्यानें प्राण्यावर गैरवाजवी वरचढपणा मिळवूं नये, प्राण्याला निसटण्याची खरी संधि असावी, हें या क्लबाच्या शिकवणुकीचें सार. 1902 च्या नोव्हेंबरांत मिसिसिपी राज्यांत रूझवेल्ट अस्वलाच्या शिकारीस गेले असतां सोबतच्या लोकांनीं एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेविलें आणि अध्यक्षांस तें मारण्याची विनंति केली. त्यांनीं गोळी झाडण्याचें नाकारलें. त्या प्रसंगावरून निघालेलें 'टेडी' अस्वल आज आपल्याहि घरोघरीं मुलांच्या उशाशीं असतें. पण त्या नकाराचा अर्थ आपण बहुधा चुकीचा लावतों. ती दया नव्हती. जखमी अस्वलाला यातनांतून सोडविण्यासाठीं तें मारून टाकावें असें त्यांनींच मग सांगितलें. नकार होता तो बांधलेल्या जनावरावर मिळविलेल्या कीर्तीला.

आतां आमचा प्रश्न असा, कीं दोरानें झाडाला बांधणें आणि शलगमाच्या पाल्यानें एका तुकड्याला बांधणें यांत जातीचा भेद आहे कीं केवळ मात्रेचा? आमच्या मतें मात्रेचा. दोर दिसतो, पाला दिसत नाहीं, एवढेंच. कायद्याचें बोलावें तर तेथेंहि मोठा चमत्कार आहे. हरिणांत मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग पसरत आहे. 1967 सालीं कोलोरॅडोंत बंदिस्त हरिणांत तो प्रथम आढळला. त्यास कारण होणारीं प्रिऑन नांवाचीं विकृत प्रथिनें लाळेंतून पसरतात व मातींत वर्षानुवर्षें टिकतात. एका ढिगावर अनेक तोंडें लागूं नयेत म्हणून मिशिगननें 2019 सालीं आपल्या खालच्या द्वीपकल्पांत मका, गाजर, बीट यांचे ढीग घालून हरिणांना बोलाविण्यास बंदी केली. पण तोच मका पेरून, न कापतां उभा ठेवला, तर ती शेती! पिकावर हरिणें ढिगापेक्षां पांगून चरतात हें खरें, आणि रोगापुरता हा भेद सयुक्तिक आहे. परंतु न्यायापुरता तो शून्य आहे. आमिष पोत्यांतून ओतलें काय आणि बियांतून उगविलें काय, तें घालणाराचा हेतु एकच.

कॅमेऱ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. तें यंत्र मुळांत निंद्य नाहीं. आपल्या ताडोबांत व मेळघाटांत तसल्याच कॅमेऱ्यांनीं वाघांची गणना होते, आणि त्यांत कोणास गैर वाटत नाहीं. कारण तेथें पाहणें हेंच साध्य असतें. पण जेव्हां पाहणारा आणि मारणारा एकच होतो, आणि पाहण्यासाठीं त्यास रानांत पाऊलहि ठेवावें लागत नाहीं, तेव्हां अर्थ पालटतो. ॲरिझोनासारख्या रुक्ष राज्यांत पाणवठे मोजके. हरिणानें जावें तरी कोठें? त्या राज्यानें 2022 च्या आरंभापासून शिकारीच्या कामीं असे कॅमेरे वापरण्यास बंदी केली. कॅन्ससनें 2023 सालीं आपल्या वन्यजीव खात्याच्या जमिनींवर ते मना केले. आणि ज्या चित्रावरून शिकारी तत्क्षणीं जनावरापर्यंत पोंचतो, त्या चित्राच्या आधारें मिळविलेलीं शिंगें बून आणि क्रॉकेट क्लब आपल्या नोंदवहींत घेत नाहीं. जुन्या शिकाऱ्यांनाच हें खुपलें आहे, हें लक्षांत ठेवावें.

आमच्या शिष्यानें आपली बाजू लंगडी सोडली नाहीं. तो म्हणाला, हरिणें फार झालीं आहेत, तीं कमी करणें हें आमचें कर्तव्यच आहे. कबूल. पण मग त्यांना पोसतां कशाला? संख्या घटावी म्हणून बंदूक आणि संख्या पोसली जावी म्हणून क्लोव्हर, हा कोठला न्याय? शिवाय कळप कमी करावयाचा तर माद्या मारल्या पाहिजेत, हें पशुपालनाचें पहिलें सूत्र आहे. आठ कॅमेरे ज्याच्या मागावर आहेत तो तर एकटा शिंगाळा सरदार! संख्यानियमनाचें नांव पुढें करावें आणि भिंतीवरील शिंगांचा हिशेब मनांत ठेवावा, हें सरळपणाचें नव्हे.

तो म्हणाला, कॅमेऱ्यामुळें कोवळा नर कोणता व वयस्क कोणता तें कळतें, अंतर कळतें, गोळी चुकत नाहीं, जनावर जखमी होऊन पळत नाहीं. हा युक्तिवाद बळकट आहे, आणि आम्ही तो टाळीत नाहीं. पण वय ओळखण्यास उन्हाळाभर कॅमेरे ठेवले तर पुरे आहे. हंगामांत ते उतरवावे. नेम चुकूं नये यास उपाय सराव हा आहे, पाळत हा नव्हे.

तो म्हणाला, जमीन आमची, श्रम आमचे. जमीन तुमची खरी. पण हरिण तुमचें नव्हे. त्या देशाची जुनी धारणाच अशी आहे कीं वन्य प्राणी जमीनमालकाचे नसून सर्व प्रजेच्या वतीनें राज्याच्या ताब्यांत असतात. इंग्लंडांतील सरदारांच्या राखीव रानांवर उलटून त्यांनीं हा नियम केला. आणि श्रमाचें म्हणाल तर शेतकऱ्याचेहि श्रम थोर आहेत. पण कोंबडी कापून कोणी आपणांस शिकारी म्हणवीत नाहीं.

शेवटीं तो हंसून म्हणाला, "मग रेषा कोठें ओढायची, सर? बंदूक चालते, दुर्बीण चालते, आणि कॅमेराच तेवढा का नको?" खरा प्रश्न हाच. हाच प्रश्न विस्कॉन्सिनचे प्राध्यापक ऑल्डो लिओपोल्ड यांना पडला होता. 1933 सालीं 'गेम मॅनेजमेंट' हा ग्रंथ लिहून हरिणादि प्राण्यांच्या जोपासनेचें शास्त्र घालून देणारा हा माणूस, स्वतः शिकारी. तरीहि वाढत्या उपकरणांविषयीं त्यांनीं चिंता प्रकट केली, आणि शिकाऱ्याभोंवतीं टाळ्या वाजविणारे प्रेक्षक नसतात, त्याचा पंच त्याची स्वतःची सदसद्विवेकबुद्धि, असें बजाविलें. रेषा कायद्यानें पुरती ओढतां येणार नाहीं हें आम्हांसहि दिसतें. पण एक कसोटी आपली भाषाच आपल्या हातीं देते. संस्कृतांत 'मृग्' या धातूचा अर्थ शोधणें. मृगया म्हणजे शोध. बंदूक अंतर कमी करते, दुर्बीण दृष्टि वाढविते. पण दोहोंच्या मागें मनुष्य जातीनें उभा असतो, आणि शोध त्यालाच करावा लागतो. कॅमेरा त्याच्या वतीनें शोध करतो. ज्या उपकरणानें शोधच उरत नाहीं, तें मृगयेचें साधन नव्हे. तिचा शेवट आहे.

हें लिहितांना आपल्याकडील थोरवी गाण्याचा आमचा मुळींच इरादा नाहीं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वीं संस्थानिक व साहेब लोक ज्या शिकारी करीत, त्यांत रेडकूं बांधून वर मचाणावर बसणें आणि शेंकडों गरिबांकरवीं हाका घालणें हे नित्याचे प्रकार होते. वाघावर पाय ठेवून काढलेलीं तीं चित्रें शौर्याचीं म्हणून दिवाणखान्यांत लागलीं. त्या शौर्यांतला मोठा वांटा हाकेवाल्यांचा होता. आज मिशिगनांत हाकेवाले नाहींत. त्यांचें काम शलगम आणि कॅमेरा करतात. लबाडी तीच आहे.

मग यांत आम्हांस इतकें कां लागावें? कारण बोलतां बोलतां शिष्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. त्याचा बारा वर्षांचा मुलगा त्याच्याबरोबर जातो. "त्याला धीर शिकवावा म्हणून नेतों," तो म्हणाला. मग किंचित् अभिमानानें पुढें म्हणाला, कीं गेल्या वर्षीं कडाक्याच्या थंडींत मुलानें स्वतःच फोन पाहिला आणि म्हणाला, आज सरदार आलाच नाहीं, मग जायचें कशाला? दोघे घरींच राहिले.

आम्हांस वाटतें, त्या दिवशीं तो मुलगा जें शिकला त्याचा बापानें विचार करावा. जनावर येईल कीं न येईल हें ठाऊक नसतां पहाटेच्या अंधारांत निश्चळ बसणें, पानांची सळसळ ऐकून वेडावणें, आणि रिकाम्या हातीं परतणें, यांतच तो धीर होता. परीक्षेंत हमखास पडणारे प्रश्न आधीं कळले तर पुस्तक उघडावें कशाला, असें विचारणारे विद्यार्थी आम्हीं तीस वर्षें पाहिले आहेत. त्यांना गुण मिळतात. विद्या मिळत नाहीं. तो मुलगाहि असाच एक दिवस सरदाराचीं शिंगें भिंतीवर लावील, आणि रान त्यास अनोळखीच राहील.

आमचें मागणें फार नाहीं. 15 नोव्हेंबरपूर्वीं ते आठहि कॅमेरे झाडांवरून उतरवावे. मचाण पेरलेल्या तुकड्यापासून दूर, हरिणांच्या स्वतःच्या वाटेवर न्यावें. संख्या कमी करावयाची असेल तर मादी मारावी, आणि शिंगांचा लोभ सोडावा. हें होत नसेल तर खुशाल पेरावें, खुशाल पाळत ठेवावी, आणि पीक तयार झालें म्हणजे तें कापून आणावें. शेतीस आमचा विरोध नाहीं. मात्र तिला मृगया म्हणूं नये, आणि मुलालाहि तसें सांगूं नये.