टाकून दिलेला गुलाब



मृगाचा एखादा चांगला पाऊस झाला की आपल्या वस्त्यांतून रोपांची देवाणघेवाण सुरू होते. कुणी सदाफुली नेतो, कुणी जास्वंदीची फांदी. गुलाबाचे नाव काढले की मात्र उत्तर ठरलेले असते : तो विकत आणावा लागतो आणि उन्हाळ्यात मरतो. म्हणून आज आम्ही विकत न आणता मिळणाऱ्या आणि सहजासहजी न मरणाऱ्या गुलाबाविषयी सांगणार आहोत.

आपल्या परभणी जिल्ह्यात लोक ज्याला 'जंगली गुलाब' म्हणतात, तो बहुधा डोंगरातून आलेला नसतो. रोपवाटिकेत कलमी गुलाब करताना काटक जंगली गुलाबाचा खुंट घेतात आणि त्यावर मोठ्या फुलाच्या जातीचा डोळा भरतात. मूळ एकाचे, फूल दुसऱ्याचे. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पाणी घालायचे चुकते आणि वरचे कलम वाळते. खालचा खुंट पुष्कळदा जिवंत राहतो आणि पाऊस पडताच फुटतो. मग लोक म्हणतात, 'झाड जंगली झाले,' आणि उपटून उकिरड्यावर टाकतात. इतके दिवस फूल ज्या मुळाच्या जोरावर उमलले, त्या मुळाचे नाव कुणी घेत नाही. ही रीत आपल्या समाजाला नव्याने समजावून सांगायला नको.

असे झाड बदली झालेल्या नोकरदाराच्या क्वार्टरपुढे, जुन्या कुंपणाशी, पडक्या बागेत दिसते. ते आणावे, पण विचारून आणावे. न दिलेले घेणार नाही, हे शील आपण रोज म्हणतो. विचारताना मान खाली घालण्याचेही कारण नाही. जोहार घालून मागण्याचे दिवस बाबासाहेबांनी संपवले. 'हे झाड तुम्ही टाकणार असाल तर आम्ही लावतो,' एवढे सरळ बोलावे.

झाड हलवायला पावसाळ्याची सुरुवात किंवा थंडीची सुरुवात बरी. भर उन्हाळ्यात हात लावू नये. आदल्या दिवशी बुडाशी भरपूर पाणी घालावे. फांद्या छाटून हातभर ठेवाव्यात. मुळे तुटल्यावर सगळा पाला पोसण्याची ताकद झाडात उरत नाही. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून गोल खणावे, मातीच्या गोळ्यासकट झाड उचलावे आणि ओल्या बारदानात बांधावे. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर लावावे.

आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि त्यात गुलाबाची मुळे कुजतात. म्हणून दीड फुटाचा खड्डा घेऊन त्यात काळ्या मातीबरोबर वाळू किंवा बारीक मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. बूड जमिनीपेक्षा थोडे उंच ठेवावे. अंगण नसेल तर तेलाचा जुना डबा चालतो, पण त्याच्या तळाला भोके पाडायला विसरू नये. आठ-दहा दिवस सावली करावी. नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी खुशाल घालावे. साबण-सोड्याचे पाणी घालू नये.

झाड धरले की थंडीत पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर हव्या त्या गुलाबाचा डोळा भरता येतो. हे कसब मुला-मुलींना शिकण्यासारखे आहे, रोजगाराचेही आहे. १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आपल्या परभणीतच आहे. तिथे जाऊन चौकशी करायला संकोच कशाला? डोळा भरला नाही तरी बिघडत नाही. खुंटाला स्वतःची लहान फुले येतात, तीही सुंदरच असतात.

कुणी म्हणेल, पोटाची चिंता असताना फुलझाडाचे काय घेऊन बसलात? सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात नोंदवून ठेवले आहे की, जिथे औषधी वनस्पती, मुळे आणि फळे नव्हती, तिथे ती आणवून लावली. एवढ्या मोठ्या राजाला हे काम दगडावर कोरून ठेवावेसे वाटले. आणि पाण्याचे म्हणाल, तर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या माणसांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. ज्यांच्या वाडवडिलांना पाणवठा बंद होता, त्यांच्या दारात तांब्याभर पाण्यावर एक गुलाब वाढतो, ही साधी गोष्ट नाही.

वंदनेसाठी विकतचा हार आणण्यात गैर काही नाही. पण पुष्पपूजेची गाथा आपल्याला सांगते की फूल कोमेजते तसा हा देहही नाशवंत आहे. ज्या मुलाने ते फूल कळी असल्यापासून पाहिले, त्याला ती गाथा लवकर समजेल. तेव्हा या पावसाळ्यात प्रत्येक घराने असे एक टाकलेले झाड आणून जगवावे, एवढेच आमचे सांगणे.